स्वस्त नेटवर्क कार्ड नेमकं कुठे स्वस्त असतं?

महागडं नेटवर्क कार्ड (संगणकाला नेटवर्कशी जोडणारा भाग) बसवलं की इंटरनेट पळायला लागतं, हा समज काही केल्या जात नाही. तांब्याच्या तारेवरून गिगाबिट वेगाने बोलायचे नियम 1999 सालीच ठरले. ते पाळणारं कुठलंही कार्ड, स्वस्त असो वा महाग, सेकंदाला 100 कोटी बिट्सच पाठवतं. डेटा छोट्या गठ्ठ्यांनी, म्हणजे पॅकेटांनी जातो आणि प्रत्येक पॅकेटच्या शेपटाला तपासणीचे 4 बाइट असतात. हिशोब जुळला नाही की पॅकेट फेकून दिलं जातं. म्हणजे महाग कार्डातून आलेला फोटो स्वस्त कार्डातून आलेल्या फोटोपेक्षा तसूभरही वेगळा नसतो.

मग जास्तीचे पैसे कशाचे? राबायचं कोणी, कार्डाने की प्रोसेसरने, याचे. मला या विषयातलं सगळ्यांत जास्त आवडतं ते हेच.

एका पॅकेटात साधारण 1500 बाइट मावतात. गिगाबिटची तार पूर्ण भरून वाहत असेल तर सेकंदाला सुमारे 81,000 पॅकेट येऊन आदळतात, दर 12 मायक्रोसेकंदांना एक. प्रत्येक वेळी कार्डाने प्रोसेसरला हातातलं काम सोडायला लावलं (याला इंटरप्ट म्हणतात), तर त्याचं दुसरं काम व्हायचं कधी? म्हणून चांगलं कार्ड थोडं थांबतं, आठ-दहा पॅकेट साठू देतं आणि मग एकदाच हाक मारतं.

पण खरी गंमत मेमरीत आहे. कार्ड आलेली पॅकेट प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत उतरवतं, आणि ही जागा रहाटगाडग्यासारखी गोल फिरते. कार्ड गाडगी भरत जातं, मागून ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) रिकामी करत जातो. चांगल्या कार्डात ड्रायव्हर पाणी ओतून घेतच नाही. भरलेलं गाडगंच्या गाडगं काढून वर देतो आणि त्या जागी दुसरं रिकामं अडकवतो. डेटा जागचा हलत नाही, फक्त त्याचा पत्ता पुढे जातो.

रियलटेक 8139 ही एके काळी घरोघरी पोचलेली 100 मेगाबिटची चिप. तिच्यात गाडगी नव्हतीच, एक सलग गोल पन्हळ होती. पन्हळ काढून देता येत नाही, त्यामुळे प्रत्येक पॅकेट प्रोसेसरला स्वतः उपसून दुसरीकडे ओतावं लागे. पाठवतानाही तेच: जागा फक्त 4, पॅकेट सलग हवं, आणि त्याची सुरुवात 4 ने भाग जाणाऱ्या पत्त्यावरच हवी. नेटवर्कचं सॉफ्टवेअर पॅकेट तुकड्यातुकड्यांनी बांधतं, म्हणजे पुन्हा नक्कल आली. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ड्रायव्हरमध्ये लेखकाने या चिपबद्दलचा संताप टिपणात लिहूनच ठेवला आहे.

अशा जातीचं एक कार्ड माझ्या जुन्या संगणकात होतं. मोठी फाइल येत असताना माउसचा बाण अडखळत चाले आणि प्रोसेसर कशात गुंतलाय ते दाखवणाऱ्या टॉप या आज्ञेत इंटरप्टचा आकडा चढलेला दिसे. कार्ड बदललं, तार तीच, फाइल तीच. वेळ जवळजवळ तेवढाच लागला, पण बाण मात्र सरळ चालू लागला!

आजच्या प्रोसेसरला गिगाबिटची ही उपसाउपशी जाणवतही नाही. घरच्या वापराला मदरबोर्डवरचं साधं कार्ड पुरतं. ‘गेमिंग’ कार्डांच्या जाहिरातींना तर अजिबात भुलू नका. कार्ड वाचवून वाचवून काही मायक्रोसेकंद वाचवणार, आणि दूरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायलाच कित्येक मिलिसेकंद जातात, म्हणजे हजारपट. संगीत ‘शुद्ध’ करणाऱ्या नेटवर्क कार्डांची गोष्ट तर निव्वळ अंधश्रद्धेत जमा आहे.

10 गिगाबिटला मात्र हात आखडू नये. तिथे छोटी पॅकेट आली तर सेकंदाला 1 कोटी 48 लाखांपर्यंत जातात, एकेकाला जेमतेम 67 नॅनोसेकंद मिळतात. अशा वेळी एक रहाट पुरत नाही. प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरला स्वतंत्र रहाट देणारं कार्डच हवं. विकत घेताना खोक्यावरच्या नावापेक्षा आतली चिप कोणती, तुमच्या प्रणालीत तिचा ड्रायव्हर नीट चालतो का आणि स्लॉटला तेवढी वाहतूक झेपते का, हे बघा. आणि आहे ते कार्ड कमी पडतंय का, ही शंका असेल तर लिनक्सवर इथटूल या नेटवर्क कार्डाची माहिती देणाऱ्या आज्ञेने आकडेवारी काढा. भर वाहतुकीत ‘मिस्ड’ किंवा ‘ड्रॉप्ड’चा आकडा वाढत असेल, तर गाडगी रिकामी व्हायच्या आत रहाट फिरून येतोय आणि पाणी सांडतंय.