स्कूप की व्हेंट? जुन्या फोर-बाय-फोरचं बॉनेट कापण्याआधी

बॉनेटवर भोक आणि त्यावर उंचवटा दिसला की त्याला सरसकट ‘स्कूप’ म्हणायची पद्धत पडली आहे. या एका नावाखाली उलट कामं करणाऱ्या दोन वस्तू खपून जातात. स्कूप बाहेरची हवा आत घेतो, व्हेंट आतली गरम हवा बाहेर सोडतो. चढणीवर इंजिन तापतं म्हणून पुढे तोंड केलेला स्कूप बसवून घेणारे बरेच दिसतात. त्यांच्या गाडीला गरज असते व्हेंटची.

स्कूपमधून आलेल्या हवेला ठरलेलं ठिकाण हवं: एअर फिल्टरचा डबा किंवा इंजिनच्या डोक्यावर बसवलेला इंटरकूलर (टर्बोने दाबल्यामुळे तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारी जाळी). पहिल्या पिढीच्या टोयोटा फॉर्च्युनरमध्ये ३ लिटर डिझेल इंजिनाचा इंटरकूलर वरच आहे आणि बॉनेटवरचा स्कूप त्यालाच वारा देतो. तिथे तो शोभेचा नाही.

‘वेगात हवा दाबून आत शिरते, ताकद वाढते’ हे मात्र फार ताणून सांगितलं जातं. ताशी १०० किलोमीटरला समोरच्या वाऱ्याचा दाब साधारण ४६० पास्कल भरतो. वातावरणाचा दाब १ लाख पास्कलच्या वर, म्हणजे फायदा अर्ध्या टक्क्याच्याही आत. ताशी ४० ला तर जेमतेम ७४ पास्कल. खरा फायदा थंड हवेचा आहे. इंजिनाजवळची ६० अंशांची हवा ओढण्याऐवजी बाहेरची ३५ अंशांची मिळाली, तर ती सुमारे ८ टक्के दाट असते. पण त्यासाठी स्कूप आणि फिल्टरचा डबा यांच्यामधली वाट रबर किंवा फोमच्या सीलने बंद हवी.

सील नसलेला, नुसता इंजिनच्या खोलीत उघडणारा स्कूप उलटा नडतो. रेडिएटरमधून हवा वाहते ती पुढचा दाब जास्त आणि मागचा कमी असतो म्हणून. वरून हवा आत सोडली की मागचा दाब वाढतो आणि रेडिएटरमधून जाणारी हवा घटते. म्हणजे ज्या दुखण्यासाठी पत्रा कापला, तेच वाढलं.

व्हेंटची गोष्ट सरळ आहे. दगडांतून गाडी रांगत असते तेव्हा वारा नसतो, सगळं काम पंख्याचं. पंखा गरम हवा मागे ढकलतो आणि ती इंजिनाभोवती कोंडते. रेडिएटरच्या थोडं मागे लूव्हर्स, म्हणजे तिरक्या पट्ट्यांच्या फटी, कापल्या की तिला वर वाट मिळते. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत आणखी एक लाभ: गाडी बंद केल्यावर साचलेली उष्णता निघून जाते, आणि पेट्रोल उकळल्यामुळे स्टार्ट होताना होणारी कटकट कमी होते.

जागा मात्र डोळ्यांनी ठरवू नका. काचेच्या पायथ्याशी वारा अडतो, तिथे दाब जास्त असतो. बिजागरीखाली वॉशर घालून बॉनेटची मागची कड उचलण्याची युक्ती म्हणूनच फसवी आहे. हळू चालवताना गरम हवा निघते, वेग घेतला की वारा तिथूनच आत येतो. शिवाय बहुतेक गाड्यांत केबिनची ताजी हवा तिथूनच घेतलेली असते, त्यामुळे इंजिनाचा वास नाकात. १९७० च्या शेव्हरोले शेवेलमध्ये मिळणारा काउल इंडक्शन हा प्रकार याच दाबावर चालायचा. त्याचं झाकण काचेकडे उघडायचं, बघणाऱ्याला व्हेंट वाटावं असं, आणि घ्यायचं मात्र हवा आत.

तपासायला पारदर्शक नळी पुरते. तिला इंग्रजी यू चा आकार देऊन रंगीत पाणी भरा. एक टोक बॉनेटच्या पृष्ठभागावर टेपने आडवं चिकटवा, तोंड वाऱ्यासमोर येऊ देऊ नका. दुसरं टोक बॉनेटखाली सोडा. गाडी पळवताना शेजारी बसलेल्याने बघायचं: ज्या टोकाकडे पाणी चढलं, तिथला दाब कमी. बाहेरच्या टोकाकडे चढलं तर त्या जागी पाडलेल्या भोकातून हवा बाहेर जाईल. १ मिलिमीटर फरक म्हणजे सुमारे १० पास्कल, म्हणून नळी तिरकी धरली तर वाचायला सोपं जातं.

पाण्याचा धोका दोन्हींना, पण सारखा नाही. व्हेंटमधून पाऊस अल्टरनेटरवर आणि डिस्ट्रिब्युटरवर गळतो. खाली पन्हळ आणि निचऱ्याची नळी लावली की भागतं. स्कूपमधून पाणी थेट सिलिंडरपर्यंत गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण पाणी दाबलं जात नाही. जीप रँग्लर रुबिकॉन ३९२ मध्ये हवा आणि पाणी वेगळं करणारी बहुस्तरीय वाट दिली आहे. मिनिटाला १५ गॅलन, म्हणजे सुमारे ५७ लिटर पाणी ती बाजूला काढते, असं कंपनी सांगते. घरगुती फायबरच्या स्कूपात अशी सोय करायची इच्छा नसेल आणि ओढे ओलांडायचे असतील, तर श्वास घ्यायचं काम स्नॉर्केललाच, म्हणजे छपराच्या उंचीवरून हवा घेणाऱ्या नळीलाच द्या.

कार्ब्युरेटरला सीलबंद स्कूप जोडताना फ्लोट चेंबरचा (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या कप्प्याचा) श्वासमार्गही त्याच डब्यात उघडतो ना, ते बघा. दोन्हीकडचा दाब वेगळा राहिला तर मिश्रण बिघडतं.

कापताना बॉनेटखालच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांना हात लावायचा नाही, ताठपणा त्यांचाच असतो. एअर फिल्टरच्या झाकणावर मऊ पुट्टीचे गोळे ठेवून बॉनेट बंद करा, उघडा, चपटलेल्या गोळ्याची जाडी मोजा. माउंटवर इंजिन हलतं, म्हणून निदान २५ मिलिमीटर मोकळे हवेत. कापलेल्या कडेला प्रायमर त्याच दिवशी. आणि कटर चालवण्याआधी स्कूपच्या उंचीचा पुठ्ठ्याचा ठोकळा बॉनेटवर चिकटवून गाडी एका चढणीच्या माथ्यावर नेऊन बघा. पुढची वाट दिसेनाशी झाली, तर उंची तिथेच कमी करा.