सोन्याचे शंभर डॉलर

नोव्हेंबर १९००. क्यूबात, हवानाजवळ, अमेरिकी लष्करातले डॉक्टर वॉल्टर रीड यांनी पीतज्वराच्या प्रयोगांसाठी छावणी उभारली. नाव ठेवलं कॅम्प लझीअर. रीड यांचे सहकारी जेसी लझीअर दोनच महिन्यांपूर्वी याच तापानं गेले होते. हा रोग डासांमुळे पसरतो, असं क्यूबाचे डॉ. कार्लोस फिनले १८८१ पासून सांगत होते. ते सिद्ध करायचं तर धडधाकट माणसाला मुद्दाम डास चाववणं भाग होतं.

माणसं मिळाली. काही अमेरिकी सैनिक, आणि पोटासाठी स्पेनहून नुकतेच आलेले तरुण. रीड यांनी या स्पॅनिश तरुणांशी चक्क लेखी करार केला, तोही त्यांना कळेल अशा भाषेत. सोन्याच्या नाण्यांत १०० डॉलर. ताप आलाच तर आणखी १००. मृत्यू झाला तर ही रक्कम सांगाल त्या माणसाला. संशोधनासाठी घेतलेल्या लेखी संमतीच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांपैकी हा एक.

त्यातला एक मुद्दा मात्र मला खटकतो. करार म्हणतो, ताप आला तर जिवाला 'काही अंशी' धोका आहे; पण या बेटावर राहून लागण टळणं अशक्यच, मग ती इथेच करून घेतलेली बरी, उत्तम उपचार तरी मिळतील. काही अंशी! छावणीला नाव कुणाचं होतं? आणि 'अशक्यच' म्हणावं, तर दुसऱ्याच वर्षी अमेरिकी लष्करातलेच डॉक्टर विल्यम गॉर्गस यांनी डासांची पैदास रोखली आणि हवानातून पीतज्वर जवळपास नाहीसा झाला. रीड खोटं बोलले असं नाही; तेव्हा तसंच वाटत होतं. पण हातावर पोट असलेल्या माणसाला 'नाहीतरी होणारच आहे' असं डॉक्टरनं सांगितलं, की तो नाही कशाला म्हणेल?

शिवाय छावणीची हद्द सोडली, तर पैसे बुडाले. आज भारतात अशा संशोधनातल्या सहभागी व्यक्तीला केव्हाही बाहेर पडता येतं, आणि वाचता येत नसेल तर संमती घेताना त्रयस्थ साक्षीदार लागतो.

रीड यांच्या छावणीत एकही स्वयंसेवक दगावला नाही. १९०१ मध्ये हवानातच झालेल्या पुढच्या प्रयोगांत २५ वर्षांची परिचारिका क्लारा मास सामील झाली. आधी तिला सौम्य ताप येऊन गेला होता. आता आपल्यात प्रतिकारशक्ती आली का, हे पाहायला ऑगस्टमध्ये तिनं पुन्हा डास चाववून घेतला. दहा दिवसांत ती गेली.