.४६५, .४७०, .४७६ : जुन्या शिकारी रायफलींचे हे आकडे आले कुठून

जुन्या विलायती डबल, म्हणजे दोन नळ्यांच्या, रायफलींचा नाद लागला की हा प्रश्न पडतोच, की कॅलिबरचे (नळीच्या आतल्या व्यासाचे, इंचातले) आकडे असे का? .४६५, .४७०, .४७५, .४७६, सगळे एकमेकांना चिकटून, फरक इंचाच्या काही हजारांश भागांचा आणि काम जवळपास एकच. मग एवढी गर्दी कशाला? उत्तर आपल्याकडेच आहे, इंग्रजांच्या हिंदुस्थानातल्या शस्त्रबंदीत.

सुरुवात मार्टिनी-हेन्रीपासून करावी लागते. १८७१ मध्ये ब्रिटिश फौजेने घेतलेली ही एकबारी रायफल, तिची गोळी .४५० ची. १८८८ नंतर गोऱ्या पलटणींना .३०३ मिळायला लागली पण देशी पलटणी आणि पोलिसांकडे मार्टिनी पुढेही बरीच वर्षं राहिली, त्यामुळे हत्यारं आणि काडतुसं देशभर पसरलेली होती, आणि सरहद्दीवरच्या पठाणांकडेही ती पोचली होती. १८९७ च्या तिराहच्या लढाईत आफ्रिदी पठाणांनी याच रायफलींनी इंग्रजांना बेजार केलं. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यात चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. म्हणजे सरकार कुठल्या मनःस्थितीत होतं ते बघा. १८७८ चा आर्म्स ॲक्ट तर आधीच होता, हिंदी माणसाला परवाना लागायचा आणि युरोपियनांना सूट, आणि त्याविरुद्ध १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्ये ठरावही झाला होता.

आता शिकारीकडे येऊ. तोवर मोठ्या जनावरासाठी काळ्या दारूच्या अवजड बंदुका असायच्या, एक बार काढला की समोर धूरच धूर. १८९८ मध्ये लंडनचा बंदूकवाला जॉन रिग्बी याने .४५० नायट्रो एक्सप्रेस हे काडतूस आणि त्याची रायफल काढली आणि सगळं बदललं. आत कॉर्डाइट ही नवी दारू, म्हणजे जवळजवळ धूर नाही, ४८० ग्रेनची (सुमारे ३१ ग्रॅमची) गोळी आणि वेग सेकंदाला २१५० फूट. हत्ती, गवा, वाघ, सगळ्याला पुरून उरणारी. हा रिग्बी त्याआधी एनफिल्डच्या सरकारी कारखान्याचा सुपरिंटेंडंट होता, त्यामुळे त्याला कॉर्डाइट नीट कळत होतं.

पण माप .४५० च, आणि तेच सरकारला खुपलं. शिकारीच्या नावाखाली आलेला माल बंडखोरांच्या मार्टिनींना कामाला येईल या धास्तीने १९०७ च्या सुमाराला हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये .४५० च्या आयातीवर बंदी आली. माझ्या मते शिकारी रायफलींच्या इतिहासातला सगळ्यात मोठा धक्का हाच, कारण या महागड्या रायफलींची मोठी बाजारपेठ हिंदुस्थान होती, संस्थानिक, गोरे अधिकारी, सगळे इथलेच गिऱ्हाईक. मग बंदूकवाल्यांनी धडाधड नवी मापं काढली. हॉलंड अँड हॉलंडची .५००/४६५, जोसेफ लँगची .४७०, वेस्टली रिचर्ड्सची .४७६. आता .४७० चे आकडे बघा, ५०० ग्रेनची गोळी आणि वेग तोच २१५० फूट, आणि .४६५ ला तर गोळीही ४८० ग्रेनचीच. म्हणजे .४५० मध्ये खोट काहीच नव्हती, फक्त कायद्यातून सुटायला नळी थोडी मोठी केली.

संग्राहकांसाठी हे फार कामाचं आहे. रायफल हातात आली की आधी नळीखालचे प्रूफचे, म्हणजे नळीच्या मजबुतीच्या चाचणीचे, शिक्के वाचायचे, त्यात कॉर्डाइटचं प्रमाण आणि गोळीचं वजन दिलेलं असतं, .४७० ला ७५ ग्रेन कॉर्डाइट आणि ५०० ग्रेनची गोळी. आणि ही नुसती माहिती नाही बरं का. डबल रायफलीच्या दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच जागी लागाव्यात म्हणून कारागीर नळ्या डाख देऊन जोडायचा, रेंजवर बार काढून बघायचा, डाख तापवून मधली पाचर जराशी सरकवायचा आणि पुन्हा बार, असं जुळेपर्यंत. हे सगळं त्या एका ठरावीक काडतुसावर जुळवलेलं असतं, वेग बदलला की डावी-उजवी नळी वेगवेगळीकडे मारते. म्हणून आज जे लोक परदेशात या रायफली रेंजवर चालवतात ते जुन्या कॉर्डाइटचा वेग गाठायला जिवाचा आटापिटा करतात. किनॉक या विलायती काडतूस कंपनीने १९६० च्या दशकात ही मोठी काडतुसं बनवणं थांबवल्यावर तर बरीच वर्षं स्वतः काडतूस भरल्याशिवाय मार्गच नव्हता.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली ते योग्यच झालं, आणि त्याबद्दल मला तरी जराही हळहळ नाही. संस्थानिकांच्या कित्येक रायफली परदेशी लिलावांत गेल्या. कोल्हापूरच्या न्यू पॅलेस म्युझियममध्ये शिकारीचा आणि हत्यारांचा तो काळ अजून बघायला मिळतो.

शस्त्रबंदीची एक खूण मात्र अजून रोजच्या वापरात आहे. सरकारी .३०३ सामान्य माणसाला बंद होती म्हणून इंग्रजांच्या काळातच ली-एनफिल्डच्या धर्तीची रायफल ऑस्ट्रियाच्या ८ मिलिमीटर मॅन्लिखर काडतुसावर बनवून विकायला लागले. ८ मिलिमीटर म्हणजे इंचात .३१५. स्वातंत्र्यानंतर इच्छापूर आणि तिरुचिरापल्लीच्या सरकारी कारखान्यांनी तीच पुढे चालू ठेवली, आणि आज लायसन्सवाले लोक जिला ३१५ बोअर म्हणतात ती हीच रायफल.