घारे डोळे

बाहुलीभोवतीच्या रंगीत चकतीला, म्हणजे परितारिकेला, हिरवट, राखाडी-हिरवी किंवा पिवळसर हिरवी छटा असली की मराठीत त्या डोळ्यांना घारे डोळे म्हणतात. शब्द सैल आहे. मधाळ आणि निळसर डोळेही त्यातच मोडतात. अस्सल हिरव्या डोळ्यांसाठी मराठीने वेगळा शब्द घडवला नाही, कारण तसे डोळे आपल्याकडे क्वचितच दिसतात. 'घारा'चा संबंध घारीशी जोडला जातो खरा, पण आपल्याकडच्या घारीचे स्वतःचे डोळे गडद तपकिरी असतात. गोव्यात अशा डोळ्यांना मांजराची उपमा देतात, ती अधिक चपखल आहे. संस्कृतातला जवळचा शब्द 'पिंग'. दिवेलागणीला मुले म्हणतात त्या गणेशस्तोत्रातले 'तृतीयं कृष्णपिंगाक्षं' आणि मारुतीच्या बारा नावांतले 'पिंगाक्ष' ही नावे याच रंगकुळातली. फिकट डोळ्यांची दखल घ्यायला आपल्याला परदेशी पाहुण्यांची वाट पाहावी लागली नाही, एवढे त्यावरून दिसते.

हिरव्या डोळ्यांत हिरवे रंगद्रव्य नसते. परितारिकेचे ढोबळमानाने दोन थर असतात. मागचा थर जवळजवळ सर्वांचाच काळपट असतो. फरक पडतो तो पुढच्या, तंतुमय थरातल्या मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे. हे द्रव्य बनवणाऱ्या पेशींची संख्या तपकिरी आणि फिकट डोळ्यांत साधारण सारखीच असते, पण त्या पेशी मेलॅनिन किती आणि कोणत्या प्रकारचे साठवतात ते वेगवेगळे असते. भरपूर असेल तर प्रकाश शोषला जातो आणि डोळा तपकिरी दिसतो. फारच कमी असेल तर तंतूंवरून प्रकाश विखुरतो, त्यात निळा भाग अधिक विखुरतो आणि डोळा निळा दिसतो. हिरवा डोळा या दोहोंच्या मधला: विखुरलेल्या निळ्यावर पिवळसर-तपकिरी रंगद्रव्याची पातळ झाक. म्हणूनच तो दिवसभर एकसारखा दिसत नाही. माजघरात राखाडी वाटणारे डोळे अंगणात उन्हाला आले की हिरवे दिसतात. अनेकांच्या बाहुलीभोवती तपकिरी कडेही असते. जगात हिरव्या डोळ्यांचे प्रमाण सुमारे २ टक्के असल्याचा अंदाज सर्रास दिला जातो. मात्र हिरवा कुठे संपतो आणि मधाळ कुठे सुरू होतो हे मोजणाऱ्यावर अवलंबून असल्याने त्या आकड्याला फार चिकटून राहू नये.

तपकिरी रंग प्रभावी, निळा अप्रभावी, हा शाळेत शिकवला जाणारा नियम १९०७ च्या सुमारास मांडला गेला आणि तो अपुरा आहे. पंधराव्या गुणसूत्रावर ओसीए२ हे जनुक आहे. त्याच्या शेजारच्या एचईआरसी२ जनुकातली एक जागा ओसीए२ किती काम करणार हे ठरवते. २००८ मध्ये हे स्पष्ट झाले. फिकट डोळ्यांचा सर्वांत मोठा वाटा या एका खटक्याचा. पण हिरव्या छटेत इतर अनेक जनुके हात घालतात. २०२१ मध्ये सुमारे १,९५,००० लोकांच्या अभ्यासातून डोळ्यांच्या रंगाशी निगडित ५० नव्या जागा सापडल्या. तेव्हा काळ्याभोर डोळ्यांच्या आईबापांना घारे मूल झाले तर कुजबुज करण्याचे कारण नाही. दोघांकडूनही फिकट रंगाचा वारसा, कदाचित पणजीपासून दडून राहिलेला, एकत्र आला एवढाच अर्थ. नवजात बाळाच्या डोळ्यांवरून निदान करण्याची घाईही करू नये. रंग पहिल्या वर्षभरात, कधी तिसऱ्या वर्षापर्यंत गडद होत जातो.

गोव्यात या विषयाला एक खास फाटा फुटतो. घारे डोळे दिसले की 'पोर्तुगीज रक्त' असे म्हणून विषय संपवला जातो. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतले आणि आपल्या सैनिकांना स्थानिक स्त्रियांशी लग्ने करायला उत्तेजन दिले हे खरे आहे. अशा मिश्र घराण्यांचा वेगळा वर्गही निर्माण झाला. पण तो नेहमीच लहान राहिला, आणि १९६१ नंतर त्यातली अनेक कुटुंबे गोवा सोडून गेली. बाकी ख्रिस्ती समाजाने धर्म बदलला तरी बामण, चार्डो अशा जातींच्या आतच सोयरिकी केल्या. पोर्तुगीज आडनाव बाप्तिस्म्याबरोबर आले, रक्ताबरोबर नव्हे. आडनावावरून वंश आणि डोळ्यांवरून आडनाव ओळखणारे दोन्हीकडून फसतात.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली उदाहरणे या समजुतीला आणखी अडचणीची आहेत. हा भाग नव्या काबिजादीतला, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून मिळवलेल्या मुलखातला. पोर्तुगीज अंमल तिथे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोचला. तिथल्या कुळागरांमध्ये, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांत, राहणारी, घरात चित्पावनी ही कोकणस्थ ब्राह्मणांची बोली बोलणारी कुटुंबे गोऱ्या-घाऱ्या माणसांसाठी ओळखली जातात. त्यांचे भाऊबंद रत्नागिरी-चिपळुणाकडेही तसेच आहेत, आणि तिथे पोर्तुगीजांचे राज्य नव्हते. या रंगरूपाचा उगम सांगण्यासाठी सह्याद्रिखंड या पौराणिक ग्रंथातली, परशुरामाने किनाऱ्याला लागलेली चौदा प्रेते जिवंत केल्याची कथा पुढे केली जाते, तर कोणी इराण, कोणी इजिप्तपर्यंत तर्क ताणतात. प्रत्यक्षात फिकट डोळ्यांचा तो जनुकीय खटका युरोपात सुमारे १४,००० वर्षांपूर्वीच्या हाडांतही सापडला आहे आणि दक्षिण आशियात तो कमी प्रमाणात, पण अनेक समाजांत आढळतो. एकट्या डोळ्यांवरून कोणाचे घराणे कुठून आले ते सांगता येत नाही. सांगणारे सांगतात, ती हौस.

आकर्षणाबरोबर संशयही चालत आला आहे. लग्नाच्या स्थळाचे वर्णन 'गोरी, घारी' असे करताना आवाज चढतो, आणि तोच माणूस व्यवहाराच्या वेळी घाऱ्या डोळ्यांच्या गड्यापासून जपून राहा म्हणतो. घाऱ्या माणसाची दृष्ट लागते अशीही समजूत आहे. रंगभूमीने मात्र हे डोळे डोक्यावर घेतले: डॉ. काशिनाथ घाणेकरांच्या घाऱ्या डोळ्यांची चर्चा त्यांच्या अभिनयाइतकीच झाली. मूळच्या गोव्याच्या वर्षा उसगावकर यांची ओळखही प्रेक्षकांच्या मनात त्यांच्या डोळ्यांशी जोडलेली आहे.

घाऱ्या डोळ्यांना वेगळा आहार किंवा काजळ लागत नाही. रंगद्रव्य कमी असल्याने परितारिकेतून थोडा जास्त प्रकाश आत शिरतो, त्यामुळे काहींना ऊन लवकर खुपते. डोळ्याच्या आतल्या एका दुर्मीळ कर्करोगाचा धोकाही फिकट डोळ्यांना तुलनेने जास्त असतो. किनाऱ्यावर ऊन वरूनच येते असे नाही: कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो. रुंद काठाची टोपी आणि अतिनील किरण पूर्ण अडवणारा चष्मा पुरे. नुसती काळी काच उपयोगाची नाही. तिच्यामागे बाहुली मोठी होते आणि किरण मोकळे आत जातात. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढण्यात, आयुष्य गेलेल्यांच्या डोळ्यांत नाकाकडून बुबुळावर सरकणारा मांसाचा पडदा वाढलेला दिसतो, तो डोळ्यांचा रंग पाहून येत नाही.

लग्न किंवा कार्निव्हलपुरते हिरवे डोळे हवे असणारे रंगीत लेन्स घालतात. त्या नंबर नसला तरी डॉक्टरांकडून मापूनच घ्याव्यात, मैत्रिणीशी अदलाबदल करू नये, नळाच्या पाण्याने धुऊ नयेत आणि समुद्रात किंवा तळ्यात उतरताना काढाव्यात. पाण्यातला अकँथअमीबा हा सूक्ष्मजीव लेन्सखाली अडकला तर बुबुळाला जखम होऊन दृष्टी जाऊ शकते. रंग बदलण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये धोक्याचा इशारा दिला आहे. मधाचे थेंब घालून डोळे हिरवे होतात हा प्रकार तर शुद्ध थाप. त्याने फक्त जंतुसंसर्ग होतो. उलट दिशेने रंग बदलणारे औषध मात्र खरोखर आहे. काचबिंदूसाठी दिले जाणारे लॅटानोप्रोस्टचे थेंब काही महिन्यांत परितारिकेतले मेलॅनिन वाढवतात, आणि हिरव्या-तपकिरी मिश्र डोळ्यांत हा बदल सर्वांत ठळक दिसतो. तो परत जात नाही. एकाच डोळ्यात औषध घालायचे असेल तर दोन डोळे दोन रंगांचे होऊ शकतात, हे घाऱ्या रुग्णाला आधीच सांगितलेले बरे.