मातीतले जिवाणू आणि नॅनो खते : नाशिकच्या बागांमागची पार्श्वभूमी

मृद आरोग्य पत्रिकेवर बारा रकाने असतात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पुढे जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज) व बोरॉन. २०१५ पासून ही पत्रिका देशभर वाटली गेली. निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या शेतकऱ्यांना ती नवी नाही. या बारांत मातीतल्या जिवंत सृष्टीसाठी एकही रकाना नाही. सेंद्रिय कर्बाच्या आकड्यावरून काय तो अंदाज बांधायचा. दुसरीकडे कृषी सेवा केंद्राच्या फळीवर नत्र धरणारा ॲझोटोबॅक्टर, स्फुरद विरघळवणारे पीएसबी जिवाणू आणि रोगकारक बुरशीला मारणारी ट्रायकोडर्मा बुरशी यांच्या पुड्या आणि कॅन ओळीने मांडलेले आहेत आणि २०२१ पासून त्यांच्या शेजारी पानांवर फवारायच्या नॅनो युरियाची बाटलीही आली आहे. विक्री पुढे गेली आणि मोजणी मागे राहिली, ती कशी, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

फार मागे जाण्याची गरज नाही. कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात हे १८८६ मध्ये सिद्ध झाले. १८८८ मध्ये त्या गाठींतला जिवाणू वेगळा काढला गेला आणि १९०१ मध्ये गाठीशिवाय मातीत मोकळेपणी राहून नत्र धरणारा ॲझोटोबॅक्टर सापडला. स्फुरद विरघळवणारे जिवाणू ओळखण्यासाठी आजही प्रयोगशाळांत वापरले जाणारे पोषक माध्यम १९४८ सालचे आहे. भारतात हे ज्ञान शेतापर्यंत आले ते लिग्नाइटच्या काळ्या भुकटीत मिसळलेल्या 'कल्चर'च्या पाकिटातून. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे पाकीट, गुळाच्या पाण्यात कालवून चोळायचे, सावलीत सुकवायचे आणि लगेच पेरायचे. हरभरा, सोयाबीन पेरणाऱ्या घरांत ही रीत ओळखीची आहे.

त्या पाकिटात जिवंत किती, हा प्रश्न मात्र बराच काळ कायद्याच्या बाहेर राहिला. खत नियंत्रण आदेश १९८५ चा, पण जिवाणू खते त्यात आली ती मार्च २००६ मध्ये. तोवर पाकिटावर जे छापले असेल ते खरे मानायचे. पुढे प्रमाण ठरले. भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत पेशी आणि द्रवरूप खताच्या एका मिलिलिटरमध्ये किमान दहा कोटी. ट्रायकोडर्मा या आदेशात नाही. तो रोगकारक बुरशीला मारतो म्हणून १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतो आणि तिथे ग्रॅमला वीस लाखांचे प्रमाण आहे. एकाच फळीवरच्या दोन पुड्यांना दोन कायदे आणि दोन वेगळी प्रमाणे लागू आहेत. जीवामृत किंवा घरची स्लरी तर कुठल्याच कायद्यात नाही. मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात दुपारी जी उष्णता असते, तिच्यात पाच कोटींतले किती उरतात, हे गिऱ्हाइकाला पाकिटावरून कळत नाही. उत्पादनाची तारीख आणि साठवणीची जागा विचारणारा शेतकरी या बाबतीत कायद्यापेक्षा शहाणा ठरतो.

नाशिकमध्ये जिवाणूंना मागणी वाढण्यामागे द्राक्ष आहे. २००३ च्या सुमारास युरोपात गेलेल्या मालात कीटकनाशकांचे अंश सापडले आणि निर्यातीच्या बागांची अंश तपासणी सुरू झाली. २०१० मध्ये त्याहून मोठा फटका बसला. वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरले जाणारे सीसीसी युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि माल तिकडे पोहोचल्यावर अडकला. त्या हंगामाची झळ अनेक घरांना पुढे कित्येक वर्षे लागली. मग भुरी, केवडा, करपा या बुरशीच्या रोगांसाठी शेवटच्या टप्प्यात अंश न सोडणारे काही हवे झाले आणि बॅसिलस हा जिवाणू आणि ॲम्पेलोमायसिस, ट्रायकोडर्मा या बुरशी ही नावे बागाईतदारांच्या रोजच्या बोलण्यात आली.

पण त्याच बागेत मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रणही पडत होते आणि आजही पडते. १८८५ पासून जगभरच्या द्राक्षबागांना त्याने वाचवले आहे, त्याची बदनामी करण्याचे कारण नाही. मात्र तांबे कुजत नाही, विघटित होत नाही. पावसाळ्यात पानांवरून धुपून ते बोदावर, म्हणजे वेलींच्या ओळीतल्या मातीच्या वरंब्यावर, उतरते आणि वरच्या थरात साठत जाते. नेमक्या त्याच थरात छाटणीनंतर पांढरी मुळी चालू व्हायची असते आणि तिथेच ठिबकमधून ट्रायकोडर्मा सोडला जातो. पत्रिकेवर तांब्याचा रकाना आहे, पण तो पिकाला तांबे कमी पडते का हे पाहण्यासाठी. जिवाणूंना ते जास्त होते का, हा प्रश्न त्या रकान्यात विचारलेला नाही.

मातीतले जीव ओळखण्याची जुनी पद्धत काचेच्या बशीची. एक ग्रॅम माती निर्जंतुक पाण्यात हलवायची, ते पाणी दहापट, शंभरपट, हजारपट असे विरळ करत न्यायचे, शेवटचे थेंब आगर या पोषक जेलीवर पसरायचे आणि दोन-तीन दिवसांनी उगवलेल्या वसाहती मोजायच्या. जीवाणूशास्त्राच्या शेकडो प्रबंधांचा पाया याच बशीवर आहे. तिची मर्यादा अशी की सूक्ष्मदर्शकाखाली जेवढ्या पेशी दिसतात, त्यांपैकी साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी बशीत वाढतात. उरलेल्यांना आपले आगर मानवत नाही. १९७७ मध्ये रायबोसोममधल्या आरएनएची तुलना करून जिवांची वंशावळ मांडली गेली, तेव्हा वाढवल्याशिवाय ओळखण्याची वाट उघडली. जिवाणूंसाठी १६एस नावाचे सुमारे दीड हजार अक्षरांचे जनुक आणि बुरशीसाठी आयटीएस हा भाग वाचायचा आणि नोंदींशी ताडून पाहायचा. १९९८ मध्ये 'मेटाजीनोमिक्स' हा शब्द रूढ होऊ लागला. आता मूठभर मातीतला सगळा डीएनए एकदम वाचता येतो.

या पद्धतीलाही दोन अडचणी आहेत आणि अहवाल हाती घेणाऱ्याला त्या माहीत हव्यात. मेलेल्या पेशींचा डीएनए मातीच्या कणांना चिकटून दीर्घकाळ राहतो, त्यामुळे यादीतले सगळे जिवंत असतीलच असे नाही. आणि नाव कळले म्हणजे काम कळले असेही नाही. बॅसिलस आहे एवढ्यावरून तो तुमच्या बागेत स्फुरद मोकळे करतो आहे हे सिद्ध होत नाही.

नमुना घेण्याची पद्धतही वेगळी. रासायनिक परीक्षणासाठी आपण माती सावलीत वाळवतो, कुटतो, चाळतो आणि कापडी पिशवीत भरतो. जिवाणूंसाठी हे सगळे चूक. ड्रिपरच्या जवळची, पांढऱ्या मुळीला लागून असलेली ओलसर माती निर्जंतुक पिशवीत घ्यायची, पिशवीला ऊन लागू द्यायचे नाही, आणि बर्फाच्या डब्यातून लगेच प्रयोगशाळेत पोहोचवायची. तालुक्याच्या केंद्रांत पिशव्यांचे ढीग आठवडाभर पडून राहतात. ज्या यंत्रणेची घडणच वाळलेल्या मातीसाठी झाली आहे, तिच्या पत्रिकेत जिवाणूंना जागा नाही यात नवल ते काय.

नॅनोचा प्रवास स्वतंत्रपणे झाला. हा शब्द तंत्रज्ञानाला १९७४ मध्ये जोडला गेला. साधारण १ ते १०० नॅनोमीटरचे कण या व्याख्येत येतात; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. मातीतला नेहमीचा जिवाणू हजार नॅनोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे हे कण जिवाणूच्या अंगावर चिकटू शकतील एवढे बारीक. दोन वाटा एकत्र आल्याचे एक ठळक उदाहरण आपल्या शेजारचेच. २००३ मध्ये पुण्यातल्या एका राष्ट्रीय प्रयोगशाळेने फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीकडून चांदीचे नॅनोकण पेशीबाहेर तयार करवून घेतल्याचे प्रसिद्ध केले. टोमॅटोत मर आणि कांद्यात मूळकूज आणणाऱ्या बुरशींच्या कुळातलीच ही बुरशी. शेतकऱ्याच्या शत्रूकडून उपयोगाचे काम करवून घेता येते हे त्या प्रयोगाने दाखवले आणि त्यानंतर 'हरित संश्लेषणा'वर, म्हणजे सजीवांकडून असे कण बनवून घेण्यावर, देशभर शोधनिबंधांची रीघ लागली. चांदीचे नॅनोकण जिवाणूंना मारतात, ही बाजू लवकरच स्पष्ट झाली. २००८ पर्यंत अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू त्यांच्यापुढे विशेष नाजूक आहेत हे प्रयोगशाळेत दिसले होते. आपण टाकलेला युरिया पिकाला नायट्रेटच्या रूपात मिळतो तो याच जिवाणूंमुळे.

जुलै २०२० मध्ये केंद्राने नॅनो कृषी निविष्ठांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. फेब्रुवारी २०२१ मध्ये नॅनो युरिया खत नियंत्रण आदेशात समाविष्ट झाला आणि मे अखेरीस बाजारात आला. या निर्णयाजवळ थांबायला हवे.

दावा असा होता की ५०० मिलीची एक बाटली ४५ किलोच्या युरियाच्या एका गोणीची जागा घेईल. बाटलीत ४ टक्के नत्र, म्हणजे २० ग्रॅम. गोणीत ४६ टक्के, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. हजारपट फरक. समर्थकांचे म्हणणे, मातीत टाकलेल्या युरियातला निम्म्याहून अधिक भाग हवेत उडतो किंवा पाण्याबरोबर निघून जातो आणि पानावर फवारलेला नॅनो कण वाया जात नाही. पहिला भाग खराच आहे आणि युरियाचा बेसुमार वापर थांबवण्याची गरजही खरी आहे. पण गोणीतला अर्धा नत्र वाया गेला असे धरले तरी उरतो दहा किलो, आणि बाटलीतला कणन्‌कण पिकाने घेतला तरी वीस ग्रॅमच. कांद्याला हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस आहे. पानातून नत्र देणे ही नवी गोष्टही नाही. दोन टक्के युरियाची फवारणी आपल्याकडे जुनी आहे आणि तिच्यात लिटरला ९ ग्रॅमच्या वर नत्र असतो. नॅनो युरिया लिटरला ४ मिली घातला तर १६० मिलिग्रॅम. युरियाचा रेणू मुळात एक नॅनोमीटरपेक्षा लहान असतो, पाण्यात विरघळला की तो पानात शिरतोच.

आणि पैशाचा हिशेब. बाटली आली तेव्हा २४० रुपयांना होती, गोणी २६६ रुपये ५० पैशांना. गोणीमागे सरकारचे मोठे अनुदान आहे आणि ते वाचवणे हा या निर्णयामागचा उघड हेतू होता. पण शेतकऱ्याच्या खिशातून पाहिले तर बाटलीतल्या एक ग्रॅम नत्राला बारा रुपये आणि गोणीतल्या एक किलो नत्राला तेरा.

मग युरिया निम्मा करून नॅनो युरिया फवारलेल्या चाचण्यांत उत्पादन टिकले कसे, असे विचारले जाते. इथे पुन्हा मातीतले जीव येतात. एक-दोन हंगाम नत्र निम्मे केले तरी पीक उभे राहते, कारण सेंद्रिय पदार्थ कुजवून जिवाणू साठवणीतला नत्र मोकळा करत राहतात. आजोबांनी साठवलेल्या धान्याच्या कणगीवर घर चालवण्यासारखे ते आहे. कणगीत किती उरले आहे हे सांगणारी तपासणी चाचणीच्या आराखड्यातच हवी होती, आणि सेंद्रिय कर्ब आधीच कमी असलेल्या आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनींत तर ती पहिली हवी होती. पंजाबातल्या नॅनो युरियाच्या दोन वर्षांच्या शेतप्रयोगात शिफारशीच्या नत्राच्या तुलनेत गव्हाचे उत्पादन २१.६ टक्के आणि भाताचे १३ टक्के घटल्याचे पुढे प्रसिद्ध झाले. २०२३ मध्ये परदेशी वनस्पतिशास्त्रज्ञांनी एका नियतकालिकात दाव्यांमागच्या विज्ञानावर थेट बोट ठेवले. उत्पादकांनी या निष्कर्षांना आक्षेप घेतला.

नाशिकच्या शेतकऱ्याला हा वाद भेटला तो लिंकिंगच्या रूपात. खरिपात युरियाची टंचाई, रांग, आणि गोणीबरोबर बाटली घ्याच असा आग्रह. सक्तीने माल गळ्यात मारायला मनाई आहे, तसे आदेशही निघतात. तरी न फोडलेल्या बाटल्या पंपघरात पडून राहतात, आणि ज्यांनी खरोखर नीट वापरून पाहिले असते त्यांचाही नॅनो या शब्दावरचा विश्वास उडतो. हे नुकसान मला सर्वांत मोठे वाटते, कारण या तंत्राचे खरे उपयोग दुसरीकडे आहेत. कायटोसान या नैसर्गिक पदार्थाच्या कवचात बंद करून जिवाणू जास्त काळ जिवंत ठेवणे, किंवा चुनखडीच्या जमिनीत अडकून बसणारे जस्त आणि लोह अगदी थोड्या मात्रेत पानातून देणे. सूक्ष्म अन्नद्रव्यांची गरजच ग्रॅममध्ये असते, तिथे हजारपटीचा प्रश्न येत नाही.

२०२३ च्या एप्रिलमध्ये नॅनो डीएपी आले, ८ टक्के नत्र आणि १६ टक्के स्फुरद, बाटली ६०० रुपयांना. २०२४ मध्ये नॅनो युरिया प्लसला मंजुरी मिळाली, त्यात आकारमानाने २० टक्के नत्र आहे. म्हणजे ५०० मिलीत १०० ग्रॅम. हजारपटीचे अंतर दोनशेपटीवर आले. आधीचे ४ टक्के पुरेसे होते, तर ते पाचपट का करावे लागले, याचे उत्तर नव्या बाटलीच्या लेबलवर दिलेले नाही.