डोळे हलवले की आठवण बोथट का होते?

मोबाइलच्या पडद्यावर एक निळा ठिपका डावीकडून उजवीकडे आणि परत डावीकडे सरकत असतो. खाली ओळ असते, ‘दहा मिनिटं नजर ठेवा, जुना ट्रॉमा मेंदूतून कायमचा बाहेर.’ असल्या व्हिडिओंचं सध्या पेव फुटलंय. गंमत अशी, की ही ज्याची भ्रष्ट नक्कल आहे तो उपचार अस्सल आहे. त्याला ईएमडीआर (आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग) म्हणतात : त्रासदायक आठवण मनात धरून डोळे हलवायचे, म्हणजे तिची धार कमी होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शापिरो यांना त्याची कल्पना १९८७ साली सुचली आणि १९८९ मध्ये त्यांनी २२ जणांवर केलेला पहिला अभ्यास प्रसिद्ध झाला. पीटीएसडीसाठी, म्हणजे आघातानंतर मागे लागणाऱ्या ताणविकारासाठी, जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली या उपचाराची शिफारस केली.

व्हिडिओत दिसतो तो उपचाराच्या आठ टप्प्यांपैकी एकाचा तुकडा. आधीच्या बैठका पूर्वेतिहास विचारण्यात आणि मन ढवळून निघालं तर स्वतःला सावरायचं कसं, हे शिकवण्यात जातात. मग एक आठवण निवडायची. तीही सगळी नाही, तिच्यातलं सर्वांत टोचणारं एकच चित्र. अपघात असेल तर अंगावर येणारे दोन दिवे. त्या चित्राला स्वतःबद्दलचं एक वाक्य चिकटलेलं असतं, ‘माझ्या हातात काहीच नाही’ अशा धर्तीचं. त्याऐवजी काय मानावंसं वाटतं तेही ठरवतात आणि ते आत्ता कितपत खरं वाटतं याला १ ते ७ मध्ये आकडा देतात. त्रास किती, याला ० ते १०. छातीत, पोटात, घशात, तो शरीरात नेमका कुठे जाणवतो, हेही विचारतात.

यानंतर बोटं. थेरपिस्ट किंचित बाजूला बसून दोन बोटं चेहऱ्यापासून साधारण ३० ते ३५ सेंटिमीटरवर धरतो आणि नजरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेतो. वेग सेकंदाला जवळपास एक फेरी, असा की नजरेला जेमतेम पाठलाग करता यावा. डोकं स्थिर, फक्त डोळे हलतात. अशा २४च्या आसपास फेऱ्यांचा एक संच. मग थांबून श्वास घ्यायचा आणि प्रश्न एकच : ‘आता काय येतंय?’ जे काही उत्तर येईल त्याचा अर्थ लावत बसायचं नाही. ‘त्यावरच राहा’, आणि पुढचा संच. त्रासाचा आकडा ० किंवा १ होईपर्यंत हेच. नंतर तो नवा विचार पक्का करायचा आणि शेवटी डोक्यापासून पायापर्यंत शरीर चाचपून कुठे काही शिल्लक राहिलंय का ते पाहायचं. एक बैठक ६० ते ९० मिनिटांची.

पण बोटामागे डोळे फिरवल्याने आठवणीला काय होतं?

मनात एखादी गोष्ट काही क्षण धरून ठेवायची तर वर्किंग मेमरी लागते. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली मांडलेल्या आराखड्यात तिचे कप्पे आहेत : एक चित्रं आणि जागा यांचा, एक शब्द आणि आवाज यांचा, आणि दोघांवर लक्ष वाटून देणारी एक मध्यवर्ती यंत्रणा. जागा अगदी तुटपुंजी. ते दोन दिवे लख्ख आठवायचे तर चित्रांचा कप्पा लागतो, आणि सरकत्या बोटाचा पाठलाग करायलाही तोच कप्पा आणि तीच यंत्रणा लागते. वाटा कमी पडला की चित्र फिकट होतं, आणि चित्राबरोबर भीतीचीही धार जाते. आठवलेली गोष्ट पुन्हा साठवली जाताना बदलू शकते, हे उंदरांवरच्या प्रयोगांतून २०००पासून माहीत आहे. फिकट झालेली आवृत्तीच परत साठवली जाते, असा तर्क आहे. माणसांत हा शेवटचा दुवा अजून सिद्ध व्हायचाय.

हे स्पष्टीकरण पटतं, कारण त्यातून तपासता येतील अशी भाकितं निघतात. डोळ्यांत खास काही नसेल, तर ताण देणारं दुसरं कामही चालायला हवं. चालतं : उलटे आकडे मोजणं, गुंतागुंतीची आकृती काढणं. नुसते डाव्या-उजव्या कानात टिकटिक आवाज ऐकवले तर परिणाम कमी मिळतो. डच मानसशास्त्रज्ञ मार्सेल व्हॅन डेन हाउट यांच्या गटाने तर हा ताण मोजलाच. खूण मिळताच बटण दाबायचं असं काम दिलं, तेव्हा डोळे हलवणाऱ्यांचा प्रतिसाद चांगलाच मंदावला, आवाज ऐकणाऱ्यांचा तेवढा नाही. आणखी एक भाकीत जरा अडचणीचं होतं : सुखद आठवणीही फिकट व्हायला हव्यात. त्याही होतात! म्हणून तयारीच्या टप्प्यात, स्वतःला सावरता यावं यासाठी शांत जागेचं चित्र मनात बसवताना संच मुद्दाम छोटे आणि संथ ठेवतात.

मात्रा हा इथला कळीचा मुद्दा. बोटं फार संथ फिरली तर कप्प्यात आठवणीला पुरेशी जागा उरते आणि ती तशीच ठसठशीत राहते. काम फारच अवघड झालं तर आठवण मनात टिकतच नाही, मग बदलायचं काय?

डोळे डावीकडे-उजवीकडे हलवल्याने ‘मेंदूचे दोन अर्धगोल जोडले जातात’ असाही एक दावा केला जातो, तो इथेच कोसळतो. वरखाली डोळे फिरवले तरी आठवण फिकट होते, आणि त्यात डावं-उजवं कुठे आलं? संमोहनाशी किंवा पूर्वजन्मात नेणाऱ्या दुकानदारीशीही याचा संबंध नाही. इथे माणूस पूर्ण जागा असतो आणि हवं तेव्हा हात वर करून थांबवू शकतो. टीका मात्र जरूर आहे. डोळ्यांच्या हालचालींमुळे वेगळी भर पडत नाही, असं अनेक अभ्यासांच्या २००१च्या एका एकत्रित विश्लेषणात आढळलं. २०१३च्या विश्लेषणात मध्यम भर पडते असं दिसलं. माझ्या मते हा वाद बोटांचा आहे, अख्ख्या उपचाराचा नाही.

बिघडतं ते बहुधा माणूस सुन्न होतो तेव्हा. नजर काचेसारखी, उत्तरं तुटक, आणि त्रासाचा आकडा एकदम शून्य. नवखा थेरपिस्ट यालाच यश समजतो. खरं तर तिथेच संच थांबवून पाय जमिनीवर टेकवायला, खोलीतल्या वस्तूंची नावं घ्यायला सांगायला हवं. पडद्यावरच्या ठिपक्याला यातलं काहीच दिसत नाही. लागोपाठ दोनतीन संचांत काहीच हललं नाही तर दिशा किंवा वेग बदलतात. डोळे दुखले तर तिथेच थांबून तळहातांवर आलटूनपालटून टिचक्या देतात. दृष्टिपटलाचा आजार असेल तर आधी नेत्रतज्ज्ञांना विचारावं. वेळ संपली आणि आकडा अजून सहावर असेल तर नवं काही न उकरता माणसाला शांत करूनच घरी पाठवायचं. पुढचे काही दिवस स्वप्नं वाढू शकतात, ती दोन ओळींत टिपून ठेवायची.

एकाच घटनेचा आघात असेल तर मोजक्या बैठकांत फरक पडू शकतो. लहानपणी वर्षानुवर्षं छळ झाला असेल तर निव्वळ तयारीलाच काही आठवडे लागतात. आणि त्या घटनेबद्दल कोर्टात साक्ष द्यायची बाकी असेल, तर उपचार सुरू करण्याआधी वकिलाशी बोलून घ्यावं : नंतर तपशील तेवढे लख्ख आठवतीलच असं नाही.