आडनाव नसलेल्या पूर्वजांचा माग

आनेके यान्स नावाची बाई १६६३ साली अमेरिकेतल्या हडसन नदीकाठच्या बेव्हरवाइक गावात, म्हणजे आजच्या ऑल्बनीत, वारली. मॅनहॅटन बेटावर तिची ६२ एकरांची शेतवाडी होती. वारसांनी १६७१ मध्ये ती इंग्रज गव्हर्नर लव्हलेस याला विकली, पण खतावर एका मुलाच्या शाखेची सही झालीच नाही. पुढे १७०५ मध्ये राणी ॲनच्या काळात ती जमीन ट्रिनिटी चर्चला मिळाली, आणि त्या राहिलेल्या सहीच्या आधारावर वंशज पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जात राहिले. दावे फेटाळले गेले, दंतकथा मात्र फोफावली. आनेके म्हणे ऑरेंजचा राजपुत्र विल्यम याची नात होती आणि तिच्या नावे हॉलंडात मोठी ठेव पडून होती. ही ठेव मिळवून देतो असं सांगून पुढच्या पिढ्यांकडून पैसेही उकळले गेले.

ही कथा ॲमस्टरडॅमच्या एका नोंदीपुढे टिकत नाही. १६२३ च्या लग्ननोंदीत आनेके नॉर्वेतल्या फ्लेकेरॉय बेटावरची आहे आणि नवरा रूलोफ यान्सेन खलाशी आहे. तिची आई ट्रिन योनास सुईण होती. पुढे न्यू ॲमस्टरडॅममध्ये, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कमध्ये, ती कंपनीच्या पगारावर हेच काम करत होती.

ही कंपनी म्हणजे डच वेस्ट इंडिया कंपनी. वेंगुर्ल्याला वखार घालणारी ती डच ईस्ट इंडिया कंपनी. दोघींचे कारभार आणि दप्तरं अगदी वेगळी. वेस्ट इंडिया कंपनीने १६२४ पासून हडसनच्या खोऱ्यात माणसं वसवली आणि १६६४ मध्ये इंग्रजांनी ती वसाहत घेतली. हे सगळे लोक ‘डच’ नव्हते. पहिल्या तुकडीत प्रामुख्याने फ्रेंच बोलणारी वालून कुटुंबं होती, मागून जर्मन, नॉर्वेजियन आले, आणि अंगोला-काँगोहून गुलाम करून आणलेली माणसंही होती. १६४३ च्या सुमारास तिथे १८ भाषा बोलल्या जात, असं वसाहतीच्या प्रमुखाने एका पाद्र्याला सांगितलं होतं. म्हणून ‘मूळ गाव हॉलंडात’ असं गृहीत धरून शोध सुरू केला की तो पहिल्याच पायरीवर अडतो.

खरी अडचण नावांची आहे. आपल्याकडे ‘दत्तात्रय गोविंद’ एवढंच लिहून आडनाव गाळलं, आणि मुलाला ‘गोविंद दत्तात्रय’ म्हटलं, तर दोन पिढ्यांनंतर घराणं कसं ओळखायचं? तिथे नेमकं हेच होतं. वोल्फर्ट गेरिटसेन हा १६२५ च्या सुमारास आलेला शेतकरी. त्याचा मुलगा गेरिट वोल्फर्टसेन, नातू विलेम गेरिटसेन. कौवेनहोवेन या जागेवरून पडलेलं आडनाव कधी लिहिलं जाई, कधी नाही. पुढे त्याची कौवेनहोवेन, कोव्हेनहोव्हेन आणि कोनोव्हर अशी रूपं झाली. इंग्रजी अमलात आडनावं हळूहळू पक्की झाली, पण एका घरातल्या सगळ्यांनी एकच आडनाव घेतलं असं नाही. रुटगर याकोबसेन आणि टुनिस याकोबसेन हे सख्खे भाऊ. एकाचे वंशज रुटगर्स झाले, दुसऱ्याचे व्हॅन वूर्ट.

बायकांच्या बाबतीत मात्र डच रीत शोधकाच्या सोयीची आहे. लग्नानंतरही बाई वडिलांच्याच नावाने लिहिली जाई, त्यामुळे माहेर हरवत नाही. अडतं ते लाडक्या नावांपाशी. ट्रिन्चे म्हणजे कॅथरिना, ग्रिट्चे म्हणजे मार्गारेट, आणि टुनिसला इंग्रज कारकून अँथनी करून टाकतो. एकाच बाईची तीन रूपं तीन वह्यांत सापडतात आणि वंशावळीत तिच्या तीन बायका होतात.

शोध नेहमी आजपासून मागे न्यायचा. प्रसिद्ध पूर्वजापासून खाली यायचं नाही. १६०० च्या शतकात पोचलात की मुख्य आधार चर्चच्या वह्यांचा. न्यू ॲमस्टरडॅमच्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदी १६३९ पासून उपलब्ध आहेत. सुरुवातीच्या बाप्तिस्म्यांत पुष्कळदा आईचं नाव नसतं. तिथे साक्षीदारांची नावं जीव लावून वाचायची, कारण ते बहुधा मामा, आत्या, आजी-आजोबा असत. एकाच गावात दोन यान यान्सेन असतील तर नावावरून ते वेगळे काढता येत नाहीत. प्रत्येकाच्या सगळ्या मुलांच्या साक्षीदारांची यादी शेजारीशेजारी मांडली की दोन वेगळे गोतावळे दिसू लागतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते याच्याइतका भरवशाचा दुसरा उपाय नाही.

नावं ठेवण्याची रीतही मदतीला येते: पहिले दोन मुलगे दोन्ही आजोबांच्या नावाचे, पहिल्या दोन मुली दोन्ही आज्यांच्या. तेच नाव पुन्हा आलं तर आधीचं मूल बहुधा गेलेलं असतं. बहुधाच, कारण दोन्ही आजोबांचं नाव एकच असेल तर त्याच नावाचे दोन भाऊ जिवंत असू शकतात. या रीतीवरून अंदाज बांधावा, पुरावा म्हणून ती पुढे करू नये.

तारखांचा सापळा वेगळा आहे. न्यू नेदरलँडमध्ये, म्हणजे या डच वसाहतीत, ग्रेगरियन पंचांग चाले, इंग्रजांचं ज्युलियन १० दिवस मागे होतं आणि त्यांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे इंग्रजी दस्तातला ‘१० फेब्रुवारी १६८८’ हा आपल्या हिशेबात १६८९ चा. हे लक्षात न घेतल्याने आईबापांच्या लग्नाआधी मूल जन्मल्याचा निष्कर्ष अनेक झाडांवर बसला आहे. उपाय सोपा: सुटी नोंद न वाचता वहीची आधीची आणि नंतरची पानं बघा, सालाचा आकडा जानेवारीत बदलतो की मार्चअखेर ते दिसतं. शिवाय बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख नव्हे. खेड्यात डोमिनी, म्हणजे पाद्री, वर्षातून मोजक्याच वेळा येई, तेव्हा मूल काही महिन्यांचंही असे.

चर्चनंतर अनाथ-रक्षकांचे कागद बघावेत. अनाथ मुलांचा वाटा सांभाळणारं हे मंडळ न्यू ॲमस्टरडॅममध्ये १६५५ मध्ये बसलं. विधवेला किंवा विधुराला पुन्हा लग्न करायचं तर आधीच्या मुलांचा वाटा ठरवावा लागे, आणि डच कायद्याने मुलींनाही मुलांइतकाच वाटा असे. त्यामुळे अशा कागदांत पहिल्या लग्नाची मुलं नावानिशी मिळतात. हे कागद टिकले हेच नवल. कंपनीची जुनी दप्तरं १८२१ मध्ये हॉलंडात रद्दीत गेली. ऑल्बनीच्या ग्रंथालयाला १९११ मध्ये आग लागली तेव्हा डच कागद खालच्या फळ्यांवर होते. वरच्या इंग्रजी खंडांनी आगीची झळ सोसली म्हणून ते कडेने जळून वाचले.

डीएनए चाचणीकडे वळायचं ते हे सगळं झाल्यावर. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं, म्हणून मूळ पुरुषाच्या दोन वेगवेगळ्या मुलांपासून अखंड पुरुषवंशाने आलेले दोन वंशज निवडायचे. ३७ खुणांवर, म्हणजे या गुणसूत्रावरच्या ठरावीक जागांवर, जुळणी दिसली तर १११ खुणांपर्यंत तपासून घ्यायची. दोघं जुळले तर ती ठेवण मूळ पुरुषाची असल्याचा भक्कम आधार मिळतो. जुळलेल्यांची आडनावं वेगळी निघाली म्हणून लगेच अनौरस संततीचा संशय घेऊ नका. रुटगर्स आणि व्हॅन वूर्ट आठवा.

सर्व गुणसूत्रांची स्वस्त चाचणी इतक्या मागे फारशी पोचत नाही. दर पिढीला वाटा निम्मा होतो आणि डीएनए तुकड्यांनी उतरतो. १० पिढ्यांमागे १,०२४ पूर्वजांच्या जागा असतात आणि त्यातल्या एखाद्याचा एक तरी तुकडा तुमच्यात असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी कमीच; १२ पिढ्यांवर ती साधारण सहात एक. त्यात हडसन खोऱ्यात आणि ब्रुकलिनच्या गावांत नात्यातली लग्नं पुष्कळ. राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांची पत्नीही त्यांच्या नात्यातलीच होती. अशा वंशात दोन माणसांचे लहान लहान तुकडे अनेक वाटांनी जुळतात आणि संगणक त्यांना खऱ्याहून जवळचे नातेवाईक ठरवतो. ७ सेंटिमॉर्गनपेक्षा (हे डीएनए तुकड्याच्या लांबीचं माप) लहान तुकड्यावर तर काहीच उभारू नये. अशा जुळण्या पुष्कळदा खोट्या असतात.

वाय चाचणीही सगळीकडे लागू पडत नाही. आंतोनी यान्सेन व्हान साले हा १६३० च्या सुमारास न्यू ॲमस्टरडॅमला आलेला, मोरोक्कोशी नातं असलेला जमीनदार. त्याला ‘तुर्क’ म्हणत, आणि व्हँडरबिल्ट घराण्यात त्याचं रक्त आहे. त्याला झाल्या चार मुली. त्याचं वाय गुणसूत्र त्या मुलींत उतरलंच नाही आणि मुलींचं मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडून, ग्रीट्चे रेनियर्सकडून आलेलं. त्याच्या वंशजांना कोर्टाचे दस्त, जमिनीची खतं आणि मुलींच्या लग्नाच्या नोंदी यांवरूनच एकेक पिढी जोडत जावं लागतं.